चुकीच्या खोलीत बोललेलं खरं

रविवार, १९ नोव्हेंबर

प्रिय मास्तरीणबाई,

आधी 'स. न. वि. वि.' लिहिलं आणि खोडलं. आपल्या दोघींत एवढा औपचारिकपणा कधीच नव्हता. कशी आहेस? अप्पा कसे आहेत? त्यांच्या देखभालीला येणाऱ्या मावशींना विचारलं तर "बरं चाललंय" एवढंच म्हणतात आणि फोन ठेवतात. तू त्यांना बजावून ठेवलं असशील. बरोबरच आहे म्हणा.

इकडे सगळं जोरात आहे. कंपनीने आणखी एक मजला घेतला. नव्या शहरात काम सुरू झालं की अजूनही दारापाशी घंटा वाजवतात, फक्त आता ती इतक्या वेळा वाजते की कुणी मान वर करून बघत नाही. काचेच्या खोल्यांना फुलांची नावं दिली आहेत. "दुपारी कमळात बसू या," असं मोठमोठी माणसं गंभीर चेहऱ्याने म्हणतात. मी दोनदा खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाले.

परवा कॉफीच्या मशीनपाशी एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्हीपण नवीनच का?" मी म्हटलं, "अगं, मी इथली जुनी खोड आहे." मग तिला सांगत बसले. कपडे इस्त्री करणाऱ्याच्या दुकानावरची ती दीड खोली, खालून येणारी वाफ, टेबलाखाली ठेवलेला एकुलता एक फोन. आजारी, म्हाताऱ्या माणसांच्या घरी देखभालीला चांगलं माणूस पाठवायचं, एवढंच आपलं काम होतं. इंटरनेट कंपनी म्हणवून घ्यायला भाऊलाच तेवढी हौस. मालक तो, पण चहा तोच करायचा.

त्या मुलीला सगळ्यात मजा वाटली ती गादीची. कामाला येणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा घ्यायला तू स्वतः जमिनीवर गादी टाकून पेशंट म्हणून आडवी व्हायचीस. अंग असं सैल सोडायचीस की दोघांना उचलेना. वर कण्हायचीस. समोरच्याने तुला कुशीवर वळवायचं, आणि तो मानेखाली हात कसा घालतो ते मी बाजूला उभी राहून बघायची. तो भरपूर प्रमाणपत्रं घेऊन आलेला माणूस आठवतो? सगळं बिनचूक केलं त्याने. तरी तू त्याला नको म्हणालीस. मी भांडले तेव्हा म्हणालीस, "लंबू, हात लावायच्या आधी एकदाही सांगितलं नाही त्याने. मी काय कपाट आहे का?"

मुलगी हसली आणि म्हणाली, "असं प्रत्येकाचं करत होता तुम्ही? मग आता का नाही?" माझी कॉफी गार झाली. मी म्हटलं, वेळ कुठे असतो.

वेळ नव्हताच गं. हे तू मला तेव्हा सांगितलंस आणि मला पटलंही होतं. गावोगावची माणसं अर्ज करत होती, गुंतवणूकदार रोज आलेख मागत होते, आणि आपण दोघी एका गादीपाशी. मग तू तो व्हिडिओ आणलास. घरबसल्या बघा, खाली प्रश्न आहेत, उत्तरं द्या, उद्यापासून कामाला लागा. भाऊने टाळ्या वाजवल्या. मीही मान डोलावली. त्यानंतर तू वरच्या मजल्यावर गेलीस, मी तक्रारींकडे आले, आणि आपण लिफ्टमध्ये भेटायला लागलो.

अप्पांना झटका आला त्या दुपारी तू जिन्यातून फोन केलास. आवाज ओळखू येत नव्हता. "आपल्या ॲपवरून नको," म्हणालीस. "तू स्वतः बघितलेलं कुणीतरी पाठव. गादीवालं." मी मावशींना पाठवलं. तू म्हणालीस, "हे आपल्या दोघींत राहू दे हं." मी हो म्हटलं. खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटलं होतं. कितीतरी दिवसांनी तुला माझी गरज पडली होती.

मग ती तक्रार आली. आपल्या माणसाने एका बाईंना कुशीवर वळवताना पलंगावरून पाडलं. खुब्याचं हाड मोडलं. त्यांचा मुलगा ऑफिसात आला. आरडाओरडा काही नाही. खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "मला एकच सांगा, या माणसाला तुमच्यापैकी कुणी कधी भेटलं होतं का?" मी त्याला पाणी दिलं. दुसरं काय देणार होते?

मी तुझ्याकडे आले होते. दोनदा आले. पहिल्यांदा तू फोनवर होतीस आणि हाताने 'नंतर' अशी खूण केलीस. दुसऱ्यांदा तुझ्या खोलीबाहेर बसलेल्या मुलाने सांगितलं, पुढच्या आठवड्यातली वेळ देतो. मला! मास्तरीणबाईंना भेटायला मला वेळ घ्यायची!

पुढचं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण माझ्या बाजूने ते तू ऐकलेलंच नाहीस.

मोठ्या हॉलमध्ये सगळी कंपनी जमली होती. पुढच्या रांगेत पाहुणे. तू छान बोललीस, नेहमीसारखी, वर्गात शिकवल्यासारखी. शेवटी म्हणालीस, "माझे स्वतःचे वडील अंथरुणाला खिळले आहेत. त्यांच्यासाठी मी आपल्याच कंपनीच्या माणसावर विसंबून आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी डोळे पुसले. कुणाला प्रश्न आहेत का, असं विचारलं तेव्हा माझा हात वर गेला. माइक माझ्यापर्यंत येईस्तोवर मी गप्प बसू शकले असते.

"अप्पांकडे येतात त्या मावशी तुला ॲपवर मिळाल्या का?" मी विचारलं.

तू माझ्याकडे बघितलंस. वाटलं, तू हसून विषय बदलशील, तुला ते सहज जमतं. पण तू म्हणालीस, "नाही." नुसतं "नाही". आणि पाण्याचा ग्लास उचलून खाली ठेवलास, न पिता.

आठवडाभरात सगळ्यांना ईमेल आलं की तू 'स्वेच्छेने नव्या वाटा शोधत आहेस'. त्यावर फुलांचं चित्र होतं.

ऑफिसात अजून मला कुणी कुणी म्हणतं, "काय हिंमत तुमची!" मी मान खाली घालते, लोकांना तो विनय वाटतो. बोलले ते खरंच होतं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण ते बोलायला घर होतं, जिना होता, तुझ्या दाराबाहेर ठाण मांडून बसता आलं असतं. मी तो हॉल निवडला. हाड मोडलेल्या बाईंसाठी निवडला, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. त्यांच्यासाठी नव्हता गं तो. तू मोठी झालीस आणि मी खालच्या मजल्यावर राहिले, त्याचा राग होता. तुझं घरातलं दुखणं तू विश्वासाने माझ्याकडे दिलंस आणि मी ते चारचौघांत उघडं केलं.

आता जे लिहायचं इतका वेळ टाळतेय ते. हे पत्र मी तुझ्या खोलीतून लिहिते आहे. रविवार आहे, कुणी नाही. भाऊने तुझी जागा मला देऊ केली आणि मी घेतली. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी मी सांगायला हवं होतं, पण महिना होत आला आणि मला सुचलं ते आज. घेताना एकच अट घातली, परीक्षा पुन्हा समोरासमोर घ्यायच्या. भाऊ म्हणाला, "कर की, प्रयोग म्हणून." सुरू केल्या आहेत. पेशंट मीच होते. पाय गादीबाहेर जातात आणि मला कण्हता येत नाही, हसू येतं.

मंगळवार

पत्र तसंच राहिलं होतं. वाटलं होतं, ही चांगली बातमी देऊन संपवावं, म्हणजे तुला वाटेल की तुझं जाणं अगदीच वाया गेलं नाही.

आज सकाळी भाऊने बोलावलं. एकटा होता. दाढी वाढलेली, टेबलावर औषधाच्या गोळ्या. ओरडला वगैरे नाही. म्हणाला, "तुझ्या परीक्षांमुळे नव्या शहरांत माणसं पुरत नाहीत. घरी पेशंट ताटकळतायत, लोक दुसरीकडे जातायत. या गतीने गेलो तर कंपनी टिकणार नाही. मग तुझी ती नीट निवडलेली माणसं कुठे जातील?" मी म्हटलं, परत कुणी पडलं तर? तो म्हणाला, "आणि कुणी पोचलंच नाही तर?" मग त्याने एक गोळी घेतली, वर पाणी प्यायला. शेवटी म्हणाला, "इथल्या इथे चालू ठेव. नव्या ठिकाणी व्हिडिओ. चालेल?"

मी "बरं" म्हणाले.

मास्तरीण, मी बरं म्हणाले. धमकी नाही, जबरदस्ती नाही. समोर एक थकलेला माणूस होता, त्याचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं, आणि बाहेर पुढच्या मीटिंगची माणसं उभी होती. जागेवर परत आले आणि हे पत्र पुढे ओढलं. तुझ्याही बाबतीत असंच झालं असेल. एखाद्या सकाळी, अशाच खोलीत, तूही बरं म्हणाली असशील आणि मग कुणाजवळ तरी बोलावंसं वाटलं असेल. मी एक मजला खाली होते. त्या दिवशी तुझ्या मनात काय होतं, हे मी तुला कधीच विचारलं नाही. सगळ्यांसमोर विचारलं ते भलतंच.

उद्या भाऊकडे परत जाणार आहे. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही. तू असतीस तर सुचवलं असतंस, पण तो हक्क मीच घालवला.

माफ कर असं लिहीत नाही, कारण मग तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. अप्पांना माझा नमस्कार सांगू नकोस. मी कोण, हे त्यांना सांगताना तुला त्रास होईल.

ज्या खुर्चीत बसल्यावर तू कळलीस, त्या खुर्चीतून, फार उशिरा,

तुझी
लंबू