ह्यांच्या तोंडावरचा पहारा

३ फेब्रुवारी, सोमवार

ह्यांचं रक्त आज पुण्याला गेलं! माणसानं अजून पुणं धड बघितलं नाही, रक्त मात्र थंड पेटीत बसून ऐटीत गेलं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. गालाचा कॅन्सर कापून काढला, रेडिएशनही झालं. पण एखादी पेशी कुठं दडून राहिली तर तो पुन्हा उगवतो. म्हणून ह्यांच्याच रक्तातल्या लढणाऱ्या पेशी निवडून काढायच्या, प्रयोगशाळेत खाऊपिऊ घालून वाढवायच्या आणि सलाईनमधून परत अंगात सोडायच्या. दडलेल्याला त्या हुडकून मारतील म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी की हा अभ्यास चाललाय, खात्री कुणीच देत नाही. डॉक्टरांनी स्वतःच दोनदा सांगितलं. तरी मी ह्यांना सही करायला लावली. परत उगवला तर कापायला गाल तरी कुठं उरलाय?

अट एकच. तंबाखूचा कणसुद्धा पोटात जाता कामा नये. आधी लघवी तपासणार, त्यात तंबाखू निघाली तर सलाईन नाही. मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा.

५ फेब्रुवारी

पहारा सुरू. शर्टाचे खिसे, उशीचा अभ्रा, स्कूटरची डिकी — सगळं रोज बघते. चिंचोळीच्या कंपनीत लागल्यापासून ह्यांना तंबाखूची सवय. जोडीदार ठरलेला, विरुपाक्ष. सात रस्ता चौकात रिक्षा लावतो आणि दुपारी गप्पा मारायला येतो. आज तो आला तेव्हा दारातच त्याच्या हाताचा वास घेतला. बिचारा ओशाळला.

ह्यांना अजून नीट बोलता येत नाही. जीभ जड, शब्द अर्धेच येतात. त्यामुळे घरात भांडण नाही. एकटीनं किती बडबडायचं? त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

११ फेब्रुवारी

तोंड दीड बोटाच्या वर उघडत नाही. दवाखान्यानं लहान पोरांचा मऊ ब्रश दिलाय, तोही टोचतो म्हणून हे तोंड फिरवतात. तोंड स्वच्छ राहिलंच पाहिजे, असं डॉक्टर सारखं बजावतात. मग मीच युक्ती काढली. सकाळी माझी मिश्री लावून झाली की त्याच बोटानं ह्यांच्याही दातांना लावते, हलक्या हातानं. मी स्वतः तव्यावर भाजलेली, वस्त्रगाळ केलेली. माझे दात बघा की, अजून कडक भाकरी कटाकट मोडतात! कडक भाकरी विकणाऱ्या बाईचा नवरा सध्या पेज पितो, हा भाग वेगळा.

ब्रशला नाही म्हणणारा माणूस मिश्रीला मात्र शहाण्यासारखा आ करून बसतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नापास!!

लघवीत तंबाखू निघाली. पेशी तिकडं वाढून तयार आणि सलाईन रद्द. पेशी बर्फात ठेवल्यात. महिन्याच्या आत तपासणी स्वच्छ आली तर देऊ, नाहीतर नाव कमी करू, असं सांगितलं. ह्यांनी गळ्याची शपथ घेतली, माझ्या गळ्याची. मी एक शब्द बोलले नाही. रिक्षात पण नाही. तेव्हा हे खरे घाबरले.

२५ फेब्रुवारी

घर उलटंपालटं केलं. गादी फाडायचीच बाकी राहिली. काही नाही. मग विरुपाक्षाला उंबऱ्यावरच गाठलं आणि गल्ली गोळा होईपर्यंत बोलले. मित्राच्या मरणावर टपलाय का, असंसुद्धा बोलले. तो एवढंच म्हणाला, “वहिनी, मी दिली न्हाई.” चहा न घेता गेला. जाऊ दे!

पण आत भीती बसलीय. हे चोरून खात असतील तर पुन्हा ते सगळं — ते ऑपरेशन, ती नळी, तो बाहेरचा बाक. माझ्यानं नाही होणार.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

कसं लिहू! पण लिहितेच.

संस्कृती मॅडमनी बोलावलं होतं. ह्या अभ्यासाचं सगळं त्याच बघतात. माझ्या भाचीएवढी पोर, पण शांत. म्हणाल्या, काकांच्या तोंडात सकाळपासून काय काय जातं ते ओळीनं सांगा. मी सांगत सुटले. आधी कोमट पाणी, मग मी मिश्री लावते, मग चूळ, मग चहा...

त्यांचं पेन थांबलं. “काकू, मिश्री कशाची करता?”

“तंबाखूची. आन् कशाची करत्यात?”

बोलले, आणि माझं मलाच ऐकू आलं.

तरी वाद घातलाच. भाजून काळी केल्यावर तंबाखू राहते कुठं, राख झाली की! मॅडम म्हणाल्या, भाजली तरी तंबाखूच राहते, हिरडीतून सरळ रक्तात जाते. म्हणजे घराची झडती घेणारी मी, आणि रोज सकाळी नवऱ्याच्या तोंडात तंबाखू चोळणारीही मीच! तोंड कुठं लपवू असं झालं. आणि हे? हसायला लागले. अर्ध्या तोंडानं, लाळ गळेपर्यंत.

घरी आल्यावर विचारलं, “तुमास्नी ठावं हुतं?”

मान हलवली. व्हय म्हणून.

“मग बोलला का न्हाईत?”

बराच वेळ लावून, एकेक शब्द जुळवून म्हणाले, “तुजा हात... तोंडाला लागायचा की.”

लबाड माणूस! फुकटात तलफ भागत होती, ते नाही सांगायचं. पण रागावता आलं नाही. त्या शिवलेल्या गालाला डॉक्टर सोडून माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. हे स्वतः आरशातसुद्धा बघत नाहीत. मला लई वाईट वाटलं. स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

१ मार्च

मिश्रीचा डबा गटारात रिकामा केला. ह्यांच्याबरोबर माझीही बंद. मॅडमना शब्द दिलाय.

६ मार्च

डोकं ठणकतंय. पोट साफ नाही. तीन भाकऱ्या करपल्या, चौथी थापताना शेजारणीवर खेकसले. तिनं नुसतं ‘कशी हाईस’ विचारलं होतं.

आता पहारेकरी बदललाय. सकाळी हे माझ्या बोटांचा वास घेतात आणि मान डोलावतात, फौजदारासारखी. दात मऊ ब्रशनं मीच घासते ह्यांचे. आता टोचत नाही म्हणे!

संध्याकाळी शेंगाची चटणी घेऊन विरुपाक्षाकडं गेले. माफी मागायची सवय नाही, नुसती उभी राहिले. त्यानं डबा उघडून वास घेतला. “चटणी कशासंगं खायाची वहिनी? भाकरी इसरलाव.” सुटले!

१७ मार्च, सोमवार

पास! लघवी चोख. आणि आजच सलाईन!

पिशवी बघून निराशाच झाली. एवढा गाजावाजा, एवढा बर्फ, आणि आत तांदळाच्या धुवणासारखं पाणी. ह्यात लाखो पेशी आहेत म्हणे. थेंब पडताना हे एकटक बघत होते. आपलीच माणसं परत घरी येतायत असं काहीतरी पुटपुटले. मी हात धरून बसले. अजून कितीतरी खेपा तपासायला यायचंय. गुण येतो का ते वर्षानुवर्षं बघत राहायचं. पण आज मी पोटभर जेवले.

निघताना मॅडमनी बॅटरीनं ह्यांचं तोंड तपासलं. स्वच्छ. मग म्हणाल्या, “काकू, तुम्हीही आ करा बघू.” मी म्हटलं, मला काय धाड भरलीय? तरी केलं. त्या खूप वेळ बघत राहिल्या. मग डॉक्टरांना बोलावलं. खालच्या ओठाच्या आत पांढरा डाग आहे म्हणे, जिथं मी मिश्री धरायची तिथंच. मला ना दुखतं, ना खुपतं. इवलासा तुकडा काढून घेतला. असंच असेल काहीतरी. भाकरीचा काठ लागला असेल.

२७ मार्च, गुरुवार

तुकड्याचा रिपोर्ट आला. आहे. छोटा, अगदी सुरुवातीचा. काढला की बरी व्हाल, असं डॉक्टर म्हणाले. सोमवारी माझं ऑपरेशन. मी नाही रडले, हे रडले. ह्यांच्या लघवीत तंबाखू निघाली नसती, तर माझ्या तोंडात कुणी बघितलंच नसतं.