मागाचा ठोका

शहापूर, बेळगाव. शुक्रवार, ज्येष्ठ १९३८

आज माझ्या वडलांनी, आप्पांनी, उंबरठा ओलांडला. कंपवातामुळं वर्षभर त्यांचे पाय उंबरठ्याशी आले की जमिनीला चिकटायचे. आठवडाभर मी तबल्यावर तीनताल वाजवून त्यांना चालवू बघत होतो, पण पाऊल उचलेना. शेवटी थोरली बहीण आक्का चिडली. "अरं, जल्मभर माग चालवलाय त्यांनी. पायास्नी तुझा तबला काय ठावा? मागाचा ठोका दे की." मी लाकडी पाटावर बोटांनी मागाची खटक-खट धरली, आणि आप्पा उंबरठा ओलांडून थेट मागापाशी. आठ दिवस मी माझाच ताल लादत होतो. त्यांचा का नाही ऐकला?

डॉक्टरकी शिकावी की तबला, हे येत्या रविवारपर्यंत ठरवायचं होतं. खडेबाजारातले आमचे डॉक्टर म्हणाले, "दोन्ही एकत्र शिकवणारं कॉलेज कुठंच न्हाय." नसू दे. आज डॉक्टरकीचा अर्ज भरला. तबला बरोबर नेणार. दोन्ही एकत्र मीच करीन.

आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "व्हय, जा. पर तू गेल्यावर ठोका कोण धरणार?"

आक्कानं पाट स्वतःकडं ओढून घेतला.