सात नंबरचं कुलूप

ती. दाजी यांस,

साष्टांग नमस्कार. (कमरेने हरकत घेतल्यामुळे खुर्चीतूनच वाकलो आहे, तो पूर्ण धरावा.) तुमचा खोकला, ताईचे गुडघे आणि सायकलच्या दुकानाचं ते अर्ध्यावर येऊन अडणारं शटर, या तिघांच्या तब्येती कशा आहेत ते कळवावं. इकडे सगळे बरे आहेत. डॉक्टरने मला जड काही उचलू नका असं सांगितल्याला दोन महिने झाले आणि नेमका तेव्हापासून मी दीड टन लोखंडाच्या सहवासात आहे. त्याचीच हकिकत कळवायला हे पत्र.

आपल्या स्टेशनाच्या जुन्या माल-गोदामात रेल्वेचं छोटं संग्रहालय होतंय. शाळेच्या मुलांना सिग्नल कसे चालतात ते कळावं म्हणून तिथे जुन्या केबिनमधले लिव्हर बसवायचे ठरले. संग्रहालयाच्या बाई (वय तिशीच्या आत, चष्मा कपाळावर, बोलणं गोड आणि ऐकणं शून्य) जुन्या सिग्नल फिटरांची यादी घेऊन घरोघर फिरल्या. यादीतले पहिले चार वारलेले होते, पाचवा मी निघालो. दार उघडल्यावर त्यांना इतका आनंद झाला की आपण जिवंत आहोत याचं मलाही जरा कौतुक वाटलं. लगेच हो म्हणून बसलो.

सुरुवातच सुताराने केली. लिव्हर उभे करायला त्याने सागवानी चौथरा बनवला, अगदी नक्षीबिक्षी करून, पण उंची एक हात. तुम्हाला सांगायला नको, आपल्या लिव्हरांची खरी गंमत पायाखाली असते. वर दांडे, आणि खाली त्या लोखंडी पट्ट्या, खाचा आणि खाचांत शिरणारी नाकं, ज्यांना आपण नुसतं कुलूप म्हणायचो. ते कुलूप दीड हात खाली लोंबतं. मी म्हटलं, चौथरा उंच करा. तो म्हणाला, खालचं कापून टाकू, दिसत तर नाही. मग बाईंनीही त्याचीच री ओढली. त्यांचं म्हणणं, कुलपामुळे काही लिव्हर हलतच नाहीत, मुलं हिरमुसतील, त्यापेक्षा कुलूप काढून सगळे मोकळे करू. मी अर्धा तास समजावलं, की बाई, न हलणं हेच तर दाखवायचंय. एका गाडीला सिग्नल दिला की तिच्या वाटेतला रूळ बदलणारा सांधा कुणाला फिरवता येऊ नये, माणूस विसरला तरी लोखंडाने विसरू नये, यासाठी तो सगळा खटाटोप. बाईंनी वहीत लिहून घेतलं, "मुलांना ओढायला तीन लिव्हर मोकळे ठेवणे."

त्यात शिक्षण खात्याचे अधिकारी आगाऊ पाहणीला आले. आता, आपल्या वेळी लिव्हरच्या मागे पाव मैल तार असायची, ओढताना खांदा बोलायचा. इथे मागे काहीच नाही, छत्री उघडावी तसा दांडा येतो. साहेबांना हे सांगायच्या आत त्यांनी कुठल्याशा जुन्या फोटोत पाहिल्याप्रमाणे एक पाय चौकटीला लावला आणि जीव खाऊन ओढला. लिव्हर आला, साहेब त्याच्याही पुढे गेले, आणि मागच्या ओल्या रंगाच्या बाकावर बसून मग जमिनीवर आले. पँटीवर पिवळे पट्टे. आडवे असतानाच त्यांनी "फार माहितीपूर्ण आहे" असा शेरा दिला. (तो लेखीही आला आहे.)

म्हणून आम्ही प्रत्येक लिव्हरला मागून वाळूची पोती टांगली. ती टांगताना माझं लक्ष सात नंबरच्या दांड्याकडे गेलं. खाली, मुठीपासून वीतभर अंतरावर, वेल्डिंगचा जाड वळ. दाजी, तो वळ माझ्याच हातचा. भंगारवाल्याकडून आलेली ही चौकट पूर्वेच्या केबिनमधली होती. तुमची.

मी काम पुढे चालू ठेवलं. पोती टांगून झाल्यावर वजन बरोबर लागतंय का हे बघायला सुतारालाच उभं केलं. (त्याचे हात तुमच्यासारखे, कडी लावायला गेला तर दार निखळतं.) त्याने चार नंबर ओढला, म्हणजे मालगाडीला सिग्नल दिला. मग मी त्याला म्हटलं, आता सात ओढून बघा, तो सांध्याचा आहे, येणार नाही. त्याने हळू ओढला. नाही आला. मी बाईंकडे जरा ऐटीत बघितलं. तेवढ्यात त्याने हातावर थुंकून झटका दिला, आणि खालून दाढ उपटल्यासारखा आवाज झाला.

बाई म्हणाल्या, "काका, हा तर आला की."

सुतार म्हणाला, "मी काही तोडलं नाही हं. आधीच ढिला होता."

मी त्या चौथऱ्यावर खाली बसलो. बाईंनी पाणी आणलं, त्यांना वाटलं छातीत दुखतंय. तसं दुखतही होतं.

चौकशीची ती खोली तुमच्याइतकीच मलाही पाठ आहे. लांब टेबल, तीन साहेब, आणि तुम्ही टोपी हातात घेऊन एकच वाक्य परत परत सांगत होता. "साहेब, चार बाहेरच होता. सिग्नल दिलाय हे मी विसरलो, कबूल. पण सात ओढला आणि तो आला." साहेब म्हणाले, येऊच शकत नाही. स्वतः केबिनमध्ये जाऊन त्यांनी दोन बोटांनी ओढून पाहिला, तो आला नाही. तुम्हाला हात लावू दिला नाही. मग निकाल झाला, की शंटिंग लवकर उरकावं म्हणून तुम्ही गाडी तोंडावर असताना चार मुद्दाम आत टाकला, म्हणजे सिग्नल मागे घेतला, आणि सात ओढला. इंजिन बाजूच्या रुळावर शिरलं. तिथे सांधेवाला दोन वाघिणींच्या मध्ये साखळी अडकवत होता. त्याचं वय बत्तीस होतं. तुमची नोकरी गेली ती गेलीच, पण पुढे पुढे तुम्हीच म्हणायला लागलात, की टाकला असेन बहुतेक चार आत, आता आठवत नाही. ते ऐकताना मी तुमच्याच घरी, तुमच्याच ताटाशेजारी जेवत बसलेलो असायचो.

दुसऱ्या दिवशी कुलूप उघडलं. रॉकेलने काळा चिकटा धुतला. सातच्या खाचेत शिरणारं नाक इतकं झिजलंय, की साबणाची उरलेली वडी वाटावी. हळू ओढलं तर अडतं, झटक्याने ओढलं तर वर चढून सरकतं. तुमचा हात जड. साहेबांचा हात मऊ. एवढाच फरक. दाजी, चार बाहेरच होता. तुम्हाला बरोबर आठवत होतं.

कुलूप आता कापायचं नाही असं ठरलंय. चौथरा उंच केला, पुढून काच लावली. नवं नाक मी कानस मारून बसवलं, आता पैलवान आणला तरी सात हलत नाही. जुनं नाक शेजारी पेटीत ठेवलंय. बाईंनी भिंतीवरच्या फलकात जुन्या कागदांवरून "केबिनमनच्या हलगर्जीपणामुळे अपघात" असं लिहिलं होतं, ते खोडून "कुलूप झिजल्यामुळे" असं करवून घेतलं. त्यांनी पहिल्यांदाच माझं सबंध ऐकलं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी उद्घाटन आहे. रंगाचे पट्टेवाले साहेबच पाहुणे. तुम्ही दोघं यावं. ताईला जिना नाही, सपाट आहे.

सर्वांना यथायोग्य.

आपला धाकटा मेहुणा

ता. क. खोकल्याला गरम पाण्याशिवाय काही नको. बाटलीतलं औषध बंद करा.

ता. क. दुसरा. ताईची सवय मला माहीत आहे. पत्र सहीपर्यंत वाचते, घडी घालते आणि तुमच्या उशीखाली ठेवते. म्हणून हे सहीच्या खाली लिहितोय. ते नाक एका महिन्यात झिजत नाही, त्याला वर्षं लागतात. दर तीन महिन्यांनी झाकण उचलून ते बघायचं काम माझं होतं. अपघाताच्या आधीच्या तपासणीला मी पूर्वेच्या केबिनपर्यंत गेलोच नाही. ऊन होतं, बूट नवे होते आणि चावत होते. पश्चिमेच्या केबिनमध्येच बसून दोन्ही रजिस्टरांवर "तपासले, ठीक" लिहून सही केली. चौकशीत मला विचारलं, तेव्हा मी ती सही दाखवली. बूट चावत होते का असं कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

ता. क. तिसरा. फलकावर आता "कुलूप झिजल्यामुळे" याच्या पुढे "आणि ते न तपासता तपासल्याची सही केल्यामुळे" असं आहे. खाली माझं नाव आहे, हुद्द्यासकट. बाई दोनदा म्हणाल्या, काका, नाव कशाला. रंगाऱ्याने लिहून वाळल्यावर मगच हे पत्र टाकतोय, कारण तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. "जाऊ दे आता" असं लिहून पाठवाल. ताईला तुम्हीच सांगा. ती मला यापुढे घरात घेणार नसेल तर तसं एका ओळीत कळवा, मी समजेन.

ता. क. चौथा, आणि पत्र खरं म्हणजे यासाठीच. सांधेवाल्याची बायको अजून त्याच वस्तीत राहते, पाण्याच्या टाकीमागे. तुम्ही इकडे आलात आणि दिसलात की ती रस्ता बदलते, हे ताईने मला एकदा सांगितलं होतं. उद्घाटनाच्या आधी मला तिच्याकडे जायचंय. गेल्या आठवड्यात दोनदा टाकीपर्यंत जाऊन परत आलो. तुम्ही बरोबर या. बोलायचं सगळं मी बोलेन, तुम्ही फक्त दारात उभे राहा. तुम्हाला बघून ती दार लावायला येईल, तेव्हा पुढे मी असेन.