माझ्या मांडीची कातडी

४ मार्च
मांड्यांवर निखारे ठेवल्यासारखं होतंय. दोन्हीकडची वरची कातडी तासून छोटीच्या भाजलेल्या पाठीला लावली. आम्ही जुळ्या, एकसारख्या — म्हणून माझी कातडी तिच्या अंगाला परकी वाटणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती माझ्या मागून जन्मली, एवढ्यावर छोटी.

छोटी शाळेच्या प्रयोगशाळेत शिकवत असताना स्पिरिट भडकलं. हिने आधी वर्गातल्या मुलांना बाहेर काढलं. म्हणून तिच्या उशाशी फुलं. माझ्या उशाशी पाण्याची बाटली.

आईने माझ्या कपाळावरून हात फिरवला आणि गेली. तिच्याकडे.

९ मार्च
घरी आले. आईचा फोन — "छोटीने आज दोन घास खाल्ले." माझ्या जेवणाची चौकशी नाही.

१२ मार्च
पट्टी बदलायला गेले. विचारलं, कातडी तुम्ही नेलीत, मग हे भरणार कुठून?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "केसांच्या मुळाशी पेशी उरल्यात. त्याच वर येतात, पसरत जातात. खपली आडवी आली की एन्झाइम सोडतात, ती खालून सैल करतात आणि पुढे सरकतात."

नंतर छोटीच्या खोलीत डोकावले. शिकाऊ डॉक्टरांचा घोळका तिच्या पाठीवर वाकलेला. "कातडी काय सुरेख धरलीय बघा!" अहो, ती माझी आहे, असं मनात म्हणत बाहेर आले.

२ एप्रिल
दुकानात रुजू. गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवायला उकिडवं बसलं की मांडी तडतडते. मालक म्हणाले, "बहीण कशी आहे?" सगळ्यांना तेवढंच विचारायचं असतं.

१८ जून
जखम भरली, पण डाग वर आलाय. लाल, जाड, नुसती खाज. छोटीची पाठ मात्र मऊ पडत चाललीय. माझ्याच कातडीने तिकडे जाऊन शहाण्यासारखं वागावं?

डॉक्टरीणबाई म्हणतात, वरून भरलं तरी आत काम चालूच असतं. पेशी तंतू विणतात, एन्झाइम जुने तोडतात. माझ्याकडे विणणंच जास्त होतंय. "डाग दबायला घट्ट पट्टा बांधत नाही का?"

छोटीला घट्ट सदरा आहे. सैल झाला म्हणून आईने दोनदा शिवून आणला. माझ्या मांडीकडे कोणी बघितलंय?

कधी वाटतं, कातडी परत मागावी. लिहून टाकलं. लाजही वाटत नाहीये.

५ जुलै
आई तिच्या पाठीला मलम चोळत होती. झाल्यावर ट्यूब माझ्या हातात दिली — "तुझं तू लावून घे."

२१ ऑगस्ट
आई दूध आणायला गेली होती. छोटी म्हणाली, "मांडी दाखव." दाखवली. बराच वेळ बघत राहिली.

"मी नकोच म्हणत होते गं. आई म्हणाली, तूच कातडी द्यायचा हट्ट धरून बसलीयस, कुणाचं ऐकत नाहीस. म्हणून शेवटी हो म्हटलं."

मला तर आई म्हणाली होती, छोटी तुझीच कातडी मागतेय.

तेवढ्यात आई आली. आमची तोंडं बघून दारातच थबकली. "काय झालं?"

"काही नाही," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.