पोट भरलेली पिल्लं

रविवार, ११ तारीख, सकाळ

चि. ठकीस,

आजीचे भरभरून आशीर्वाद, नि पोटातल्या बाळाला वेगळे. इथे सगळे बरे. नळ दुरुस्त झाला. शेजारीण अजून रुसलेलीच आहे. नातजावयांना सांग, त्यांनी आणलेली चप्पल मुळीच चावत नाही.

तुझी लॅब बघून आल्यापासून गल्लीभर सांगत सुटलेय, आमची नात उंदरांच्या सोयरिकी जुळवते म्हणून. लठ्ठ घराण्यातला नवरा, हडकुळ्या घराण्यातली बायको, मग थेट नातवंडांपर्यंत बघायचं, चरबी कुणाला पचते नि कुणाला नाही. त्यावरून पचवणाऱ्या रसाचं जनुक कुठे बसलंय त्याचा नकाशा काढायचा. शिंपीणबाई म्हणाली, उंदरांची एवढी चौकशी करतात, माझ्या लग्नात कुणी केली नाही.

थांब, दूध उतू जातंय वाटतं.

नव्हतं जात. गॅसच लावला नव्हता. हल्ली असंच होतं, एका जागी बसवत नाही. घासलेली भांडी पुन्हा घासते.

तर ती पिल्लं. बिनकेसांची, गुलाबी, कातडीतून पोटातलं दूध पांढरं दिसायचं. पोट भरलंय तरी अंग धरत नाहीत, म्हणालीस. मी म्हटलं, आईचं दूध पातळ असेल. तू हसलीस. तीच पिल्लं दुसऱ्या आईला पाजायला दिली तरी तशीच राहिली, असं सांगितलंस.

"आईच्या दुधात काही कमी नाही गं आजी. पिल्लाचाच रस कमी पडतो."

मग मी पाणी मागितलं. तुला वाटलं, वासाने गरगरलं.

वास कसला. ठके, तुझ्या आईच्या आधी मला मुलगा झाला होता. चांगला ओढून प्यायचा. लंगोटांचे तेलकट डाग धुऊन जात नसत. वाळत वाळत गेला. सासूबाई म्हणाल्या, हिचं दूधच पाणी. सगळ्यांनी मानलं, मीही मानलं. पुढे तुझ्या आईलासुद्धा भीत भीत पाजलं. त्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. आपल्याला भाऊ होता हे तिला ठाऊकच नाही.

तुझं ते ऐकल्यापासून मी हवेत आहे बघ. आणि लगेच दुसरं टोचायला लागलंय. आईबाप दोन्हीकडून दोष आला तरच पिल्लू हडकुळं निघतं, हे तूच सांगितलंस. माझ्याकडून तुझ्यात काय उतरलंय, कोण जाणे. तुझं रक्त तपास, जावयांचंही तपास. ते धडधाकट आहेत हे मला सांगू नकोस, धडधाकट आईबापांच्या पोटची हडकुळी पिल्लं मी डोळ्यांनी पाहिलीत. माझंही रक्त घे, म्हणशील तेव्हा येते. रसाची पूड दिली की पिल्लं वाढतात म्हणालीस ना. मग बाळ यायच्या आत कळायला हवं. उंदरांना थोडं थांबू दे.

तुझी आई बाजारातून येतेय, जिन्यात आवाज आला. तिला आज सांगते. आजवर नुसती आजी म्हणून सही केली, आज पुरी करते.

तुझी आजी,
आणि तुझ्या मामाची आई