टपालाची गाडी हाकणारी बाई

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज मला तुझा राग आला. नात तुझी लायसन्स घेऊन आली, म्हणून पेढे ठेवायला बिस्किटांचा जुना डबा काढला, तर तळाशी तुझा दोहाचा तो लायसन्सचा फॉर्म. तुझा फोटो चिकटवलेला, नवऱ्याच्या सहीची जागा कोरी. कोरी जागा इतकी जपून ठेवतं का कुणी?

दोहातल्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आपल्या फ्लॅटवर बाबांच्या अमेरिकन साहेबाची बायको परत जाताना एक खोकं देऊन गेली होती. त्यात भांड्यांखाली ते जाड पुस्तक होतं, जुन्या काळच्या अमेरिकेतल्या जगावेगळ्या बायकांचं. एक चिरूट ओढत जुगाराचा अड्डा चालवायची, एक घोड्यावरून नेम धरायची, आणि तुझी लाडकी म्हणजे बर्फातून टपालाची चार घोड्यांची गाडी हाकणारी. तुला इंग्रजी येत नाही, म्हणून मी स्कूलबसमधून उतरून दप्तर टाकते न टाकते तोच तू हाक मारतेस, "वाच गो बाय, कुठवर पोचली ती?" मी बारा वर्षांची, घामाघूम, भुकेली. एक ओळ सांगावी तर तुझे दहा प्रश्न. तिच्या पोरांना जेवायला कोण घालायचं? घोडे पाणी कुठे प्यायचे? मी वैतागून "आई, आय डोन्ट नो!" म्हटलं की तू शांतपणे म्हणायचीस, "मराठीत चिड, मग ऐकते."

ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी सवय. विचारायचीस घोड्यांचं, मन होतं बाबांच्या गाडीत. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून, पोळपाट दोन्ही हातांत धरून तू वळणं घेतेस, डाव्या पायाने क्लच दाबतेस, आणि मला मैत्रिणींसमोर मेल्याहून मेल्यासारखं होतं. एका दुपारी तू विचारलंस, "तिच्या नवऱ्यानं गाडी हाकायला सोडलं कसं गो तिला?" मी म्हटलं, "आधी नाही म्हणाला. ती थांबली. मग त्याने सही दिली." तू मान डोलावलीस. त्याच संध्याकाळी चहाच्या कपाशेजारी तू फॉर्म ठेवलास. बाबा म्हणाले, "इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात बघू."

मग नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. कधी उन्हाळा, कधी रमजानची गर्दी, कधी गाडीचं काम. बाबा कधी ओरडले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत, नुसता महिना पुढे ढकलत राहिले. शेजारची नर्स तुला सांगून थकली, "भाभी, झगड़ा करो ना!" तू तिलाही तेच ऐकवलंस, त्या बाईनेसुद्धा थांबूनच मिळवलं म्हणून. अशीच थांबत थांबत तू रत्नागिरीला परत आलीस आणि एकदाही ड्रायव्हरच्या सीटवर न बसता गेलीस. अगं, एकदा तरी भांडायचंस. एकदा तो फॉर्म बाबांच्या पुढ्यात आपटायचास!

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? फॉर्मच्या घडीतच ठेवते आहे. पण डबा बंद करण्याआधी एक लिहायलाच हवं. पुस्तकाच्या त्या पानावर सहीबिही काही नव्हती. त्या बाईने नवऱ्याला विचारलंच नाही, सरळ गाडीवर चढली, असं स्वच्छ छापलं होतं. पण ते सांगितलं असतं तर तू आणखी दहा प्रश्न विचारले असतेस, आणि टीव्हीवर माझं कार्टून सुरू होत होतं.