एकतीस घरांचा एकच कुत्रा

सोमवार, ६ डिसेंबर २०२१

प्रिय लोरेटा,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून ते बाजूला ठेवलं असशील तर आधी उघड. कुणी गेलेलं नाही. तुझा मेहुणा एल्डन त्याच्या मानाने बरा आहे. कारखान्यातली काचेची धूळ छातीत बसली ती बसलीच, पण नाकात ऑक्सिजनची नळी घालून खिडकीत बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीला नावं ठेवतो. बिस्किट चौदा वर्षांचा झाला. एका डोळ्याने दिसत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना भुंकतो.

हे पत्र मी घरून लिहीत नाहीये. नदीपलीकडून, ओहायोतून लिहिते आहे. आपल्या भूगोलाच्या मिसेस लाफ्लिन आठवतात? नकाशात आपलं गाव सापडलं नाही म्हणून तुला बाकावर उभं केलं होतं, त्याच. त्या आता लेकीकडे इथे राहतात, एकोणनव्वद वर्षांच्या आहेत. दुपारचं जेवून झोपल्यात. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले आहे. का बसले आहे ते पुढे येईलच.

आधी ज्याच्यासाठी पेन उचललं ते. तुझे उपकार मानायचे आहेत, लोरेटा. अकरा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहायला बसले तर हात अवघडलाय. पण उपकार ते उपकार.

अर्धी गोष्ट तुला ठाऊक असेल, तरी माझ्याकडून ऐक. ऑगस्टात काचेचा कारखाना बंद झाला. तेवीस वर्षं मी पॅकिंगच्या पट्ट्यावर उभी राहून तडकलेले ग्लास वेचले. एका दुपारी आम्हालाच वेचून बाहेर ठेवलं. बेकारी भत्त्याचा अर्ज दर आठवड्याला कॉम्प्युटरवरच भरायचा, आणि आपल्या दरीत फोनला सिग्नल मिळवायचा तर दफनभूमीच्या टेकडीवर जावं लागतं. डॉयल टेनंट म्हणायचा, "तिथं गेलेल्याला भत्ता लागतच नाही." मग मी पाद्रीबाबांना गाठलं. चर्चच्या तळघरात एक जुना कॉम्प्युटर होता. दर मंगळवारी सकाळी मी तिथे बसायला लागले. तीस जण यायचे, एकतिसावी मी. ज्यांना ईमेल नव्हता त्यांना माझा दिला. ज्यांचा फोन बंद पडला होता त्यांच्या अर्जात माझा नंबर घातला.

आणि ओळख पटवायला अर्जात विचारतात तो गुप्त प्रश्न. 'तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय?' आता कुणाची मांजर, कुणाची शेळी, बड नेस्टरचं तर डुक्कर होतं आणि त्याने त्याला दर आठवड्याला नवं नाव दिलं. हे सगळं मी कुठे लक्षात ठेवू? मी सरसकट सगळ्यांच्या अर्जात 'बिस्किट' टाकलं. मला वाटलं, काय डोकं चालवलं.

ऑक्टोबरात तुमच्या भत्त्याच्या ऑफिसने नवं सॉफ्टवेअर बसवलं. त्याने सगळे अर्ज एकमेकांशी ताडून पाहिले. एकच कॉम्प्युटर, एकच फोन, एकच ईमेल, आणि एकतीस घरांचा एकच कुत्रा. चोरीच्या नावांवर भत्ता उकळणारी टोळी अशीच दिसते म्हणे. एका आठवड्यात एकतीस पत्रं आली: भत्ता थांबवला, चौकशी सुरू.

पाच आठवडे, लोरेटा. नेस्टरबाईंनी बडच्या इन्शुलिनसाठी शिवणयंत्र विकायला काढलं. डॉयलने गाडी विकली. मला कुणी काही बोललं नाही, उलट मलाच धीर देत होते, ते जास्त लागायचं. डॉयल एवढंच म्हणाला, "भीक नको पण कुत्रं आवर असं म्हणतात ना, व्हर्ना? आपल्याला भीकही नाही आणि कुत्रंही नाही आवरलं." सगळे हसले. मी घरी येऊन रडले.

मग नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी तुमच्याकडची ती मिस पेट्री आली. कोवळी पोर, कोट मात्र तिच्या आईचा वाटावा एवढा. दोन तास भिंतीला टेकून उभी राहून सगळं पाहत होती. नेस्टरबाईंनी तिच्या हातात गरम पेपरोनी रोल दिला, तो उभ्यानेच खाल्ला. मग तिने टेबल मागितलं, एकेकाचं ओळखपत्र घेतलं, चेहरा पाहिला, नाव पाहिलं, खूण केली. एकतीस नावं, एकतीस माणसं. शेवटी म्हणाली, "मशीनने चूक नाही केली. त्याला जे दिसलं ते त्याने सांगितलं. त्याला हे तळघर दिसत नाही, एवढंच."

गाडीशी तिला पोचवायला गेले तेव्हा तिने मला तुझं सांगितलं. खरं तर सांगायला नको होतं, तिला बोलू नकोस. यादी आली त्याच दिवशी तू साहेबाकडे गेलीस आणि म्हणालीस, "यात माझी सख्खी बहीण आहे, हे प्रकरण माझ्या हातात देऊ नका." आणि फाइलवर तुझ्या सहीने एकच ओळ लिहिलीस: 'टोळी म्हणण्याआधी कुणीतरी मंगळवारी चर्चच्या तळघरात जाऊन पाहावं.'

मंगळवारचं तुला कसं कळलं? गावातलं कुणीतरी तुला कळवत असणार. बोलत नव्हतीस तरी विचारत होतीस.

गेल्या आठवड्यात सगळ्यांचे अडकलेले पैसे आले. शनिवारी तळघरात जेवण झालं. बीन्स, मक्याचा पाव, तीन प्रकारचे केक. नेस्टरबाईंनी मला रजई दिली. त्यावर एकतीस चौकोन, प्रत्येक घरातल्या जुन्या कपड्याचा एक, आणि मधोमध शिवलेला कुत्रा. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. पाद्रीबाबा म्हणाले, आपल्यात एक संत राहते हे आपल्याला मशीनमुळे कळलं.

मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

आता लिहिते. त्या एकतीस अर्जांत एक खोटा आहे, लोरेटा. तो माझा आहे.

सप्टेंबरपासून मी सोमवार, बुधवार, शुक्रवार मिसेस लाफ्लिनकडे कामाला येते. त्यांना न्हाऊ घालते, जेवू घालते, पुस्तक वाचून दाखवते. एका एजन्सीतर्फे आहे, रीतसर पगार मिळतो. आणि दर आठवड्याला तो अर्ज विचारतो, 'या आठवड्यात काम केलंत का?' मी माझा अर्ज सगळे गेल्यावर भरते आणि 'नाही' दाबते. तेरा आठवडे दाबलं. एल्डनच्या ऑक्सिजनचं भाडं आहे, औषधं आहेत, हे सगळं खरंय. पण ते नेस्टरबाईंनाही आहे, आणि त्यांनी शिवणयंत्र विकायला काढलं. मला वाटलं, नदी ओलांडली की आपल्या राज्याला काय दिसतंय. मिस पेट्री त्या दिवशी सगळ्यांना मोघमच म्हणाली, "शेजारच्या राज्यातल्या पगाराच्या याद्या तीन महिन्यांनी येतात आणि आमच्याशी ताडल्या जातात. कुणाला काही सांगायचं असेल तर आधी आपणहून सांगावं." मी तेव्हा कॉफीची किटली घासत होते. ती मी तासाभरापूर्वीच घासली होती. चोराच्या मनात चांदणं.

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे उलटं झालं. तीस खऱ्या माणसांच्या आड एक खोटी वाचली, वर रजई मिळाली.

सगळ्यात टोचतंय ते डॉयलचं. ऑक्टोबरात त्याने दोन दिवस कुणाचं तरी छप्पर शाकारलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "रोख मिळालेत गं, लिहायलाच पाहिजे का?" मी सगळ्यांदेखत त्याला झाडलं, "खोटं बोलायचं असेल तर दुसरा कॉम्प्युटर शोध." त्याने मान खाली घालून आकडा सांगितला, तेवढा भत्ता कापला गेला. आणि तासाभराने त्याच खुर्चीत बसून मी 'नाही' दाबलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आता आपल्या दोघींचं. अकरा वर्षांपूर्वी एल्डनने भत्ता घेताना काउंटीची, रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवली आणि ते लपवलं. मी तुझ्याकडे आले, तेवढं मिटवून टाक म्हणाले. तू म्हणालीस, "ताई, मला जमणार नाही, तो येऊन स्वतः सांगू दे." मी तुला काय काय बोलले ते मला पाठ आहे. रक्तापेक्षा तुला सरकारी कागद मोठा, हेही बोलले. या वेळी तोच कागद तू सरळ धरलास आणि त्याच कागदावर माझ्यासाठी एक ओळही लिहिलीस. दोन्ही एकदम करता येतं हे मला तेव्हा समजलं नव्हतं.

मिसेस लाफ्लिन उठल्या. उरलेलं उद्या.

मंगळवार

झालं. क्रमाने सांगते.

सकाळी निघताना एल्डनला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्याला काही ठाऊक नाही. मी तीन दिवस मिसेस लाफ्लिनना नुसती सोबत करायला जाते असं त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, "तू सोबत करायला जाणारी बाई नव्हेस. कळलं होतं मला. नळीचं भाडं भरलं जात होतं, म्हणून गप्प बसलो." मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "त्या पोरीला आपण अकरा वर्षं शिव्या दिल्या, व्हर्ना. ती बरोबर होती. लिहितेच आहेस तर माझ्या नावाने लिही." म्हणून त्याच्या नावाने लिहिते: तू बरोबर होतीस.

तळघरात नेहमीसारखी गर्दी. मी म्हटलं, आज माझा अर्ज आधी, आणि तो डॉयल भरेल. डॉयल खुशीतच खुर्चीत बसला. माझा चष्मा उचलून नाकावर लावला, माझ्यासारखी मान ताठ केली, माझ्यासारखा आवाज काढला. "बाई, या आठवड्यात काम केलंत का? आणि खोटं बोलायचं असेल तर दुसरा कॉम्प्युटर शोधा." सगळं तळघर हसलं.

मी म्हटलं, "हो."

त्यांना वाटलं मीही थट्टाच करते आहे. मी म्हटलं, "हो. तीन दिवस. आणि मागचे तेरा आठवडेही. आणि प्रत्येक आठवड्याला मी नाही म्हणाले."

हसणं एकेक करून थांबलं. डॉयलने चष्मा काढून टेबलावर ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही, पडद्याकडेच पाहत राहिला. मला वाटलं, आता उठेल आणि निघून जाईल, आणि मला ते चाललं असतं. पण तो म्हणाला, "तास किती ते सांग. नीट सांग. हे पान थोड्या वेळाने आपोआप बंद होतं." मी सांगत गेले, तो दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत भरत गेला. भरून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "माझ्या छपरावरून मला झाडलंस तेव्हा आवाज भारी चढला होता तुझा." मी म्हटलं, "हो, डॉयल." तो म्हणाला, "तेव्हा राग आला होता. आता आणखी येतोय. पण उद्या येईन मी, एल्डनच्या टाक्या वर चढवायला. बुधवारी तू नसतेस ना."

मी रजई परत आणली होती. नेस्टरबाईंनी ती हातात घेतली, घडी नीट केली आणि पुन्हा माझ्याच मांडीवर ठेवली. "दिलेली रजई परत घेत नसतात. थंडी तुलाही वाजते." पाद्रीबाबा मात्र पाठ फिरवून जिना चढून गेले, आणि निम्मे लोक निरोप न घेता गेले. तेही बरोबरच आहे.

तिथूनच मिस पेट्रीला फोन केला. ती म्हणाली, पैसे दंडासकट फेडावे लागतील, पुढचा भत्ता बहुतेक बंद होईल, आपणहून सांगितल्याची नोंद ती करेल, पण वरचे काय ठरवतील ते तिच्या हातात नाही. मी तिला सांगितलं, हे बहिणीच्या कानावर घालायची गरज नाही, मी स्वतः कळवते आहे. आणि लोरेटा, या वेळी तुझ्याकडे मी काहीही मिटवायला आलेली नाही. तू एक अक्षरही बोलायचं नाहीस. मला फक्त तुझे उपकार मानायचे होते, आणि ते मानायचे तर आधी खरं सांगणं भाग होतं. खरं सांगते, आज तेरा आठवड्यांनी दुपारचं जेवण मला गोड लागलं.

नाताळला जमलं तर ये. जमलं नाही तर रागावणार नाही. रागावायचा माझा कोटा अकरा वर्षांत संपला.

तुझी,
जिला तू स्वतः येऊन सांगायला शिकवलंस ती थोरली,
व्हर्ना

ता. क. मिस पेट्रीने सगळ्यांना आपापले गुप्त प्रश्न बदलायला लावलेत, उत्तर स्वतःचं आणि खरं हवं. माझ्या वाट्याला आला, 'लहानपणीची तुमची सगळ्यात जवळची मैत्रीण कोण?' तिच्या येण्याच्या दिवशीच मी तो भरला, तुझी ती ओळ मला कळायच्या आधी. उत्तर लिहायला क्षणही लागला नाही, सहा वर्षांची होते तेव्हा घरात आणलेल्या बाळाचं नाव. हे उत्तर कधी कुणाला सांगायचं नसतं म्हणे. तुला सांगते आहे.